उघडं राहिलेलं समजा

बागवान सरांनी नववी ब मध्ये ‘समजा’ म्हणून एक गणित घातलं, ते सुटायच्या आत घंटा झाली, आणि म्हणून उज्ज्वला आणि शालन ह्या दोघी पुढची एकतीस वर्षं एका खोलीत एका वेळी हजर राहू शकल्या नाहीत.

ह्यात सरांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. गणिताच्या मास्तराला समजा म्हटल्याशिवाय तोंड उघडता येत नाही. फार तर एवढं म्हणता येईल की फासा, नाणं, पत्ते असली साधी उदाहरणं सोडून त्यांनी समोर बसलेल्या जिवंत पोरी घेतल्या. पण फाशाची आणि नाण्याची उदाहरणं आदल्या दिवशी होऊन गेली होती, आणि वाकसवाडीच्या हायस्कुलात पत्त्यांचं नाव काढलेलं मुख्याध्यापकांना चालत नव्हतं.

गणित असं होतं. समजा, उज्ज्वला वर्गात हजर असणं ही एक घटना आणि शालन वर्गात हजर असणं ही दुसरी घटना. समजा, ह्या दोन घटना परस्परवर्ज्य आहेत, म्हणजे एक घडली की दुसरी घडू शकत नाही. उज्ज्वला हजर असण्याची संभाव्यता तीन छेद पाच, शालन हजर असण्याची तीन छेद दहा. तर दोघींपैकी किमान एक हजर असण्याची संभाव्यता किती?

सरांनी ‘परस्परवर्ज्य’ म्हटलं तेव्हा शालन उज्ज्वलाच्या शेजारी बसून पेन्सिलीला टोक करत होती. सरांनी वाक्य पुरं केलं तेव्हा ती बाहेर पाण्याच्या टाकीपाशी होती, हातात पेन्सिल तशीच. तिला काही विशेष वाटलं नाही. तहान लागली म्हणून आपण बाहेर आलो असू, असं समजून ती पाणी प्यायली. सरांना उलट बरंच वाटलं. उदाहरण इतकं स्वच्छ उतरताना त्यांनी नोकरीत दुसऱ्यांदाच पाहिलं होतं. मग घंटा झाली. दुसऱ्या दिवशी तपासणीला साहेब यायचे होते, सगळे कवायतीला गेले. तिसऱ्या दिवशी पोर्शन संपवायच्या घाईत सरांनी सांख्यिकी सुरू केली. गणित राहिलं ते राहिलंच.

आता तुम्ही म्हणाल, अशाने दोघींचं नातंच तुटलं असेल. अहो, कसलं तुटतंय! उज्ज्वलाचं लग्न गावातल्याच सुतारमेटी आळीत वसंता जगदाळेशी झालं. तीन वर्षांनी धाकट्या दिराला मुली बघायला लागले, तेव्हा तिने एकच नाव लावून धरलं. “शालन घरात आणा. डोळे झाकून आणा,” असं तिने सासूला, गौराबाईंना, सांगितलं. बघण्याच्या कार्यक्रमाला अर्थातच तिला जाता आलं नाही. लग्नात मांडवात नवरी हवीच, त्यामुळे थोरली सून दिवसभर आचाऱ्याकडे पुऱ्या मोजत राहिली. तक्रार कुणी केली नाही. पुऱ्या बरोबर निघाल्या.

अशा रीतीने दोघी जावा झाल्या, आणि जगदाळ्यांच्या घरी जे कधी कुणी ऐकलं नव्हतं ते सुरू झालं. दोन जावा, एक चूल, आणि भांडण नाही. तेवीस वर्षं नाही. आळीतल्या बायका जळून खाक व्हायच्या.

घरातला व्यवहार गणिताप्रमाणे चालायचा. सरांनी ‘वर्गात’ म्हटलं होतं. वर्ग म्हणजे चार भिंतींची एक खोली, असा त्याचा अर्थ निघाला. अंगण धरायचं की नाही ह्याबद्दल कुठूनच खुलासा आलेला नव्हता, पण अनुभव असा की तेही धरलं जात होतं. स्वयंपाकघरात दहा वेळा डोकावलं तर सहा वेळा उज्ज्वला दिसायची आणि तीन वेळा शालन. उज्ज्वला उंबरठ्यात आली की शालनला वरचे वाळत घातलेले कपडे आठवायचे, आणि खरंच कपडे काढायचे असायचे. शालन आत येत असेल तर उज्ज्वला दळणाला गेलेली असायची. ओढाताण नाही, चमत्कार नाही. दहातून एकदा दोघीही नसायच्या आणि दूध उतू जायचं.

फोनचाही उपयोग नव्हता. एकीने लावला की दुसरी नेमकी रेंजच्या बाहेर. तेव्हा बोलणं चालायचं पाटीवर. फडताळाशेजारी खिळ्याला एक दगडी पाटी लटकवलेली होती. “डाळ शिजलीय. मीठ टाकलंय. परत टाकू नको.” खाली शालनचं, “टाकलंय आधीच. पातळ कर.” कधी “उजे, गुडघा कसा आहे?” तर कधी नुसतंच, “आज शेवगा स्वस्त होता.” थोरल्या जावेला कुणी ‘उजे’ म्हणतं का, असं गौराबाई चार दिवसांआड कुरकुरायच्या, पण त्यांना वाचता येत असल्याचा तो पुरावा होता म्हणून मनातून त्यांना ते आवडायचं.

लेकरं दोघींनी मिळून वाढवली. म्हणजे एकीने उचललं की दुसरीने ठेवलं असं. शालनची ऋतुजा सहा वर्षांची असताना मैत्रिणीच्या घरी जाऊन आली आणि धापा टाकत आजीला म्हणाली, “आजी, त्यांच्याकडं ना, आई आणि काकू एकदम असतात! एकाच खोलीत!” गौराबाई म्हणाल्या, “असतात एकेकाच्यात. आपण बोलू नये.”

नाही म्हणायला एक कुरबुर होती. सहा आणि तीन. एका दिवाळीत चकल्या तळून तळून उज्ज्वलाची पाठ धरली, तेव्हा तिने पाटीवर लिहिलं, “तुझ्या दुप्पट काम करते मी, कळतंय का?” संध्याकाळी खाली उत्तर होतं, “सरांना विचार. मी आकडे घातले नाहीत.” आणि त्याच्याही खाली बारीक अक्षरात, “पाठीला तेल काढून ठेवलंय, कोमट आहे.” एवढ्यावर ते मिटलं.

असं सगळं सुरळीत असताना मे महिन्यात धाकट्या हणमंताची, शालनच्या नवऱ्याची, बदली झाली. तो पाटबंधारे खात्यात होता. बदली निघाली ती थेट भंडाऱ्याला, आणि तीही पाच दिवसांत हजर व्हा म्हणून. वाकसवाडीतून भंडारा म्हणजे महाराष्ट्राचं एक टोक सोडून दुसरं धरणं. बिऱ्हाड न्यायचं ठरलं. शालननेच पाटीवर लिहिलं, “उजे, आम्ही सोमवारी निघतो.”

उज्ज्वला ती ओळ वाचून खाली बसली. एकतीस वर्षं ती बाई तिला दिसली नव्हती, आणि तरी घरात कायम होती. मळलेल्या कणकेवर तिच्या बोटांचे ठसे असायचे. वेणी घातलेली पोर समोर आली की हात कुणाचा ते कळायचं. भंडाऱ्याहून कणीक येणार नव्हती. आणि शालन दिवाळीला आली, की ह्या घरात उज्ज्वला जिथं जाईल तिथून शालन उठून गेलेली असणार. उज्ज्वलाला रडू आलं, आणि तिने ते चांगलं पोटभर रडून घेतलं, कारण स्वयंपाकघरात दुसरं कुणी येणार नाही ह्याची खात्रीच होती.

मग डोळे पुसून ती उठली आणि सासूला म्हणाली, “आत्या, मी शाळेत जाऊन येते. ते समजा बंद करून घेते.”

गौराबाई लसूण सोलत होत्या. त्यांचे हात थांबले.

“का गं? काय दुखतंय तुला?”

“मला ती एकदा बघायचीय. समोरासमोर.”

“बघून काय करणार? फोटो आहेत की ढीगभर.”

“फोटोतली बोलत नाही.”

“तेच बरं असतं,” गौराबाई म्हणाल्या. “उज्ज्वले, ऐक माझं. मी आणि माझी जाऊ आठ वर्षं एका चुलीपुढं बसलो. आठव्या वर्षी चूल फुटली, घर फुटलं, आणि ती गेली तेव्हा मी सुतकसुद्धा लोकांच्या भीतीनं धरलं. तुमचं हे असं आहे म्हणून गोडी आहे. सरांनी समजा दिलंय, ते ऱ्हाऊ दे. चांगल्या चाललेल्या गाडीला खीळ घालू नये माणसानं.”

“गाडी भंडाऱ्याला चाललीय, आत्या,” उज्ज्वला म्हणाली आणि चपला घातल्या.

सुट्ट्या लागल्या होत्या, पण शाळेचं कार्यालय उघडं होतं. शाळेचे कारकून निकम भाऊसाहेब एकटेच टेबलाशी बसून शिक्के कोरड्या फडक्याने पुसत होते. उज्ज्वलाने काम सांगितलं. त्यांनी आश्चर्य वगैरे काही दाखवलं नाही. कपाटातून एक लांबट वही काढली आणि तिच्यावरची धूळ फुंकली. ती गृहीतकांची नोंदवही होती. वर्गात म्हटलेलं प्रत्येक समजा त्या त्या तासाला शिक्षकाने तिच्यात मांडायचं आणि गणित सुटलं की शेवटच्या रकान्यात ‘मागे घेतले’ लिहून सही करायची, असा नियम होता.

“हे बघा,” भाऊसाहेबांनी बोट ठेवलं. “नववी ब, पाचवा तास. समजा दोन. शेवटचा रकाना कोरा. म्हणजे वहिनी, तुमचं समजा उघडं आहे.”

“ते मला माहीत आहे.”

“तुमचं एकटीचंच आहे असं नाही. शाळेत एकूण अकरा उघडी आहेत. मागचा हौद बघितलात ना? वरचा नळ त्याला भरतो, खालचा रिकामा करतो. माझ्या आधीच्या भाऊसाहेबांच्याही आधीपासून चालू आहे.”

“भरला नाही अजून?”

“किती तासांत भरेल ते कुणी काढलंच नाही,” भाऊसाहेब म्हणाले. “आणि दुपारी दोन वाजून दहाला मैदानावरून दोनशे मीटर लांबीची एक आगगाडी जाते. पण ती वेळेवर असते, म्हणून आम्ही तिच्यावर मधली सुट्टी संपवतो.”

“माझं बंद करायला काय लागेल?”

“ज्या शिक्षकानं समजा म्हटलं त्यानंच, ज्या वर्गात म्हटलं त्याच वर्गात, गणित पुरं करून मागं घ्यायचं. दुसऱ्या कुणालाही अधिकार नाही. बागवान सर आहेत अजून. ओढ्यापलीकडं, सुनेकडं असतात. ते नाही म्हणाले तर मग अर्ज वर पाठवावा लागेल. सहा महिने धरा.”

“सोमवारी जाणार आहे ती.”

“मग सरांनाच धरा,” भाऊसाहेब म्हणाले आणि वही तिच्यासाठी टेबलाच्या कडेला काढून ठेवली.

बागवान सर पडवीत खुर्ची टाकून बसले होते. चौऱ्याऐंशीचं वय, ऐकायला थोडं कमी, पण शर्टाची कॉलर कडक इस्त्रीची. उज्ज्वलाने वाकून नमस्कार केला, नाव सांगितलं, बॅच सांगितली. सरांना काही आठवेना.

“पोरं आठवत नाहीत गं मला आता,” ते म्हणाले. “हजारोंनी गेली हाताखालून. गणित सांग. गणित आठवेल.”

उज्ज्वलाने गणित म्हणून दाखवलं. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. माणूस ज्यात राहतो ते त्याला पाठ असतंच. सरांचे डोळे हळूहळू मोठे झाले.

“अरे, ते! तीन छेद पाच आणि तीन छेद दहा! राहिलं का ते? घंटा झाली, नाही का?” ते खुर्चीत पुढे सरकले. “आणि मग तुम्ही काय केलंत इतकी वर्षं?”

“संसार केला सर. एका घरात. जावा आहोत आम्ही. सोमवारी ती भंडाऱ्याला चाललीय.”

सर म्हणाले, “माझी चूक झाली, बाळ. मोठी चूक झाली.” त्यांच्या सुनेने आतून चहा आणून ठेवला, तो त्यांनी उज्ज्वलाच्या पुढे सरकवला.

“चूक कसली सर. वाईट काही झालं नाही. लोक एवढं म्हणतात की ह्या दोघी परस्परवर्ज्य, ह्यांचा एकमेकींशी काही संबंधच नाही. ते तेवढं लागतं मनाला.”

हे ऐकल्याबरोबर सर ताडकन उठून उभे राहिले. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, पण पाढा चुकल्यावर उठायचे तसे उठले.

“कोण म्हणतं? कुठल्या गाढवानं शिकवलं त्यांना? संबंध नाही म्हणजे स्वतंत्र घटना! तू इथं चहा पितेस आणि तिकडं भंडाऱ्यात पाऊस पडतो, ह्यांचा संबंध नाही. तू चहा पितेस ह्यावरून मला पावसाचं काही कळत नाही. पण तू खोलीत आहेस म्हटलं की शालन तिथं नाही हे मला न बघता कळतं. एकीवरून दुसरीचं पक्कं कळतं. ह्याहून घट्ट संबंध काय असायचा? सख्ख्या बहिणींचा नसतो इतका!”

हे उज्ज्वलाला एकतीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, आणि ते तिला आधीपासून माहीतही होतं.

“सर, मग मागं घ्याल ना?”

“घेईन. पण गणित पुरं करून घेईन. अर्धं गणित सोडून समजा मागं घेणं ही चोरी आहे. आणि पुरं तुम्ही करायचं. ज्यांच्यावर घातलं त्यांनी. दोघींनी वर्गात हजर राहायचं.”

“दोघींनी कसं राहायचं सर? त्याचसाठी तर आलेय मी.”

सर पुन्हा खाली बसले. खरोखरच पेच होता. समजा मागं घेतल्याशिवाय दोघी हजर होणार नाहीत, दोघी हजर झाल्याशिवाय गणित सुटणार नाही, गणित सुटल्याशिवाय समजा मागं जाणार नाही. सरांनी बोटांनी मांडीवर आकडे काढले, पुसले, पुन्हा काढले. “वर विचारावं लागेल,” ते शेवटी म्हणाले, आणि त्यांचाही चेहरा उतरला.

उज्ज्वला चहा न संपवता परत आली. रात्रभर नाही, पण संध्याकाळचा सगळा स्वयंपाक होईपर्यंत तिने ते गणित डोक्यात घोळवलं. भाकरी थापता थापता शेवटच्या ओळीपाशी ती थांबली. किमान एक हजर असण्याची संभाव्यता किती? किमान एक. तिने भाकरी तव्यावर टाकली, हात धुतले आणि पाटीवर लिहिलं, “शाले, उद्या दहाला शाळेत ये. व्हरांड्यात थांब. वर्गात शिरू नको, मी आत आहे.”

थोड्या वेळाने खाली उत्तर आलं होतं, “साडी कुठली नेसू?”

रविवारी दहाला नववी ब उघडला. आता तिथे शाळेच्या पोषण आहाराचे तांदूळ ठेवत, त्यामुळे निम्मा वर्ग पोत्यांनी भरलेला होता, पण फळा जागेवर होता आणि एक बाक भाऊसाहेबांनी पुसून ठेवला होता. उज्ज्वलाचा निरोप मिळताच रिक्षातून सर आले. त्यांनी स्वतःचा खडू आणला होता. गौराबाईही आल्या, कुणी बोलावलं नव्हतं तरी. “घडायचं ते घडू दे, पण माझ्यासमोर घडू दे,” असं म्हणून त्या दारापाशी तांदळाच्या पोत्यावर बसल्या.

“व्हरांड्यात आहे का ती?” उज्ज्वलाने विचारलं.

गौराबाईंनी मान बाहेर काढून पाहिलं. “आहे. पैठणी नेसलीय. सकाळी दहाला पैठणी! हिला काही कळतं का?”

सर म्हणाले, “बाळ, मी सांगितलं ना, दोघी लागतील.”

“सर, गणितात काय विचारलंय?”

“दोघींपैकी किमान एक हजर असण्याची…” सर म्हणू लागले आणि मध्येच थांबले.

“किमान एक,” उज्ज्वला म्हणाली. “मी आहे. एक पुरते. गणितालाच दोघी नको आहेत, तर तुम्हाला कशाला हव्यात?”

सरांनी भाऊसाहेबांकडे पाहिलं. भाऊसाहेबांनी नोंदवहीतली ओळ बोट ठेवून वाचली आणि मान हलवली. नियमाला धरून होतं. सरांचा चेहरा असा फुलला की गौराबाईंनीसुद्धा पदर सावरला. “शाबास!” ते म्हणाले. “नववीत का नाही सुचलं तुला हे?”

“नववीत घंटा झाली सर.”

सरांनी खडू तिच्या हातात दिला. उज्ज्वलाने फळ्यावर लिहायला घेतलं. तीन छेद पाच म्हणजे दहात सहा. तीन छेद दहा म्हणजे दहात तीन. सहा आणि तीन नऊ.

“थांब,” सर म्हणाले. “सरळ बेरीज केलीस. दोघी एकदम हजर असतील त्या वेळा दोनदा मोजल्या गेल्या असतील. त्या वजा नको करायला?”

“कुठल्या वेळा सर?” उज्ज्वला म्हणाली. “एकसुद्धा नाही. गाठच पडली नाही आमची. वजा काय करू?”

गौराबाई पदराने नाक पुसून म्हणाल्या, “लिही, लिही पुढं.”

“नऊ छेद दहा,” उज्ज्वलाने लिहिलं. “दहात नऊ वेळा आमच्यातली एक तरी असते. दहाव्या वेळी दूध उतू जातं.”

“दुधाचं लिहू नकोस,” सर म्हणाले. “ते विचारलेलं नाही.” त्यांनी उत्तराखाली दोन रेघा ओढल्या, बरोबरची मोठी खूण केली आणि भाऊसाहेबांकडून वही घेतली. पेन उघडून मात्र ते थबकले.

“उज्ज्वला, एक सांगतो. आतापर्यंत दोघी एकत्र असण्याची संभाव्यता शून्य होती. सोपं होतं. आता ती शून्य राहणार नाही, पण किती असेल ते मला माहीत नाही. गणितात दिलेलं नाही. भांडाल, रुसाल, ती भंडाऱ्याला जाईल, तू इथं राहशील. शून्यापेक्षा जास्त एवढंच मी सांगू शकतो.”

“एवढं पुष्कळ झालं सर.”

“गौराबाई, तुमची हरकत?”

गौराबाईंनी पोत्यावरून एक तांदळाचा दाणा उचलला, बोटांत फिरवला. “हरकत काय घेणार,” त्या म्हणाल्या. “दोन सुना आणल्या मी. जोडीनं पाया पडायला अजून कुणी आलं नाही माझ्या. पडू देत एकदा.”

सरांनी शेवटच्या रकान्यात ‘मागे घेतले’ असं लिहिलं आणि सही केली. सही पूर्वी होती तशीच होती, जरा वाकडी. भाऊसाहेबांनी शिक्का मारला. बाकी कुठे काही झालं नाही. पोती जिथल्या तिथे होती. उज्ज्वला जाऊन बाकावर बसली.

व्हरांड्यात बांगड्या वाजल्या. दाराशी एक बाई येऊन उभी राहिली. फोटोत दिसायची त्याहून ठेंगणी होती, केस कानांपाशी पिकलेले, पैठणीचा काठ एका बाजूला वर चढलेला. तिने आधी उज्ज्वलाकडे पाहिलंच नाही. तिने सरांकडे पाहिलं.

“आत येऊ का, सर?”

“ये,” सर म्हणाले.

शालन उंबरठा ओलांडून आत आली, आणि उज्ज्वला आत होतीच. दोघींनी एकमेकींना पाहिलं. उज्ज्वलाला वाटलं होतं आपण मिठी मारू, ओरडू, निदान चार शब्द तरी बोलू. पण शालन बाकापाशी आली, निऱ्या एका हाताने उचलल्या आणि म्हणाली, “सरक की जरा.”

उज्ज्वला सरकली. बाक नववीतल्या पोरींच्या मापाचा होता आणि दोघी आता अंगाने भरलेल्या होत्या. शालनचा कोपर उज्ज्वलाच्या बरगडीत रुतला होता. तरी दोघी मावल्या.